ज्याच्या हाती काडतूस तो पारधी

‘चावी’ आणि ‘काडतूस’ हे दोन शब्द मराठीत एकाच गलबतातून उतरले. दोन्ही पोर्तुगीज. पाव, साबण, बटाटा, पिस्तूल यांच्या सोबतीने ते किनाऱ्याला लागले आणि आपल्यात असे मुरले की आज त्यांना कुणी गाव विचारत नाही. काडतुसाचं मूळ तर आणखी मागे इटालियनपर्यंत जातं. तिथे त्याचा धागा कागदाशी जुळतो, म्हणजे कागदाची पुडी. आणि पूर्वी ती खरोखरच पुडी असायची. एका बाराला पुरेल एवढी दारू आणि एक गोळी कागदात गुंडाळलेली. शिपायाने ती दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची. १८५७ साली ज्यांच्या चरबीवरून वणवा पेटला ती काडतुसं हीच, कागदी.

या दोन शब्दांची जोडी जुळते ती आमलीत. आमली आज दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासा शहराचाच एक भाग. मराठी, गुजराती, वारली, हिंदी या साऱ्या भाषा इथे एकाच चहाच्या टपरीवर कानावर पडतात. याच सिल्वासात १९५४ च्या ऑगस्टपर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. तो अंमल गेला कसा, या गोष्टीत बंदुकांइतकाच काडतुसांचाही वाटा आहे. मात्र तिथवर पोचायला आधी एका अगदी छोट्या वस्तूच्या आत शिरावं लागेल.

जगात आजही हजारो लोकांकडे जुन्या लष्करी रायफली आहेत. पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धातल्या, सैन्याने मोडीत काढलेल्या, स्वस्तात विकलेल्या. कॅनडात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात लोक त्या शिकारीला वापरतात. अशी रायफल घरी आणली की पहिला प्रश्न पडतो : हिला कुठली गोळी बसेल? प्रश्न ऐकायला चपलेच्या मापासारखा साधा. पण तो उकलायला लागलं की आत भूमिती निघते, रसायन निघतं, कायदा निघतो, आणि शेवटी चक्क सिल्वासाजवळच्या दमणगंगेचा काठ निघतो.

पुडीपासून पुंगळीपर्यंत

कोकणात शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुका असतात. ठासणीची बंदूक सर्वभक्षी. तिला काडतूसच नाही. दारू, चिंधी आणि मूठभर छर्रे ठासले की बार तयार. त्यामुळे तिला माप फारसं विचारावं लागत नाही.

रायफलचं तसं नाही. रायफल म्हणजे कुलूप आणि काडतूस म्हणजे तिची एकुलती एक चावी. चावी जवळून बघू. लष्कराचं जुनं ‘थ्री नॉट थ्री’चं काडतूस घ्या. करंगळीहून थोडं लांब. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला वाटाण्याएवढी टोपी, पोटात दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. दारू म्हणावं तर पूड नव्हे. कॉर्डाइट नावाच्या त्या स्फोटकाच्या बारीक लांब काड्या असत, अगदी शेवयांसारख्या. पुंगळीची मान निमुळती, त्यातून शेवया आत जाणार कशा? म्हणून कारखान्यात पुंगळी सरळ असतानाच त्या भरायच्या आणि मग मान आवळायची.

चाप ओढला की टोपी फुटते, शेवया पेटतात आणि हवेच्या दाबाच्या सुमारे तीन हजार पट दाब तयार होतो. त्या क्षणी पितळ फुगून, काडतूस जिथे बसतं त्या चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि मागची वाट बंद करतं. गोळी निघून गेली की तेच पितळ किंचित आकसतं, म्हणून तर पुंगळी ओढून बाहेर काढता येते. एकाच धातूने निमिषार्धात आधी बूच व्हायचं आणि मग सुटं व्हायचं. हे सगळं दोन सहस्रांश सेकंदाच्या आत.

पुंगळीच्या बुडाला इवलीशी अक्षरं ठोकलेली असतात. भारतात बनलेल्या अनेक पुंगळ्यांवर ती ‘के’ आणि ‘एफ’ अशी दिसतात. ‘के’ म्हणजे किरकी, आपल्या पुण्याची खडकी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. महायुद्धांत कुठल्या कुठल्या रणांगणांवर ही अक्षरं सांडली असतील! पुण्याची खूण पितळेवर घेऊन गेलेली ती पुंगळी आजही एखाद्या परदेशी संग्राहकाच्या डबीत सापडते.

३०८ लहान आणि ३०३ मोठी?

आता मापाची गंमत. थ्री नॉट थ्री म्हणजे नळीची रुंदी .३०३ इंच. मग दुकानात .३०३ इंचाची गोळी मागायची का? मागितलीत तर फसलात. या रायफलला लागते सुमारे .३११ किंवा .३१२ इंचाची. आणि ‘तीनशे आठ’ नावाची गोळी? आकडा मोठा, पण ती थ्री नॉट थ्रीत ढिली पडते.

गणित चुकलेलं नाही. मोजलं कुठे, यात सगळी मेख आहे. रायफलच्या नळीत आतून आटे असतात. मळसूत्रासारख्या खाचा आणि त्यांच्यामधले उंचवटे. समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं अंतर मोजलं तर .३०३. खाचेच्या तळापासून मोजलं तर ते आणखी थोडं जास्त. गोळीला खाचा भरून काढायच्या असतात, म्हणून ती नावापेक्षा जाडच हवी. ज्या काडतुसाला ‘तीनशे आठ’ म्हणतात त्याने नाव खाचेच्या तळावरून घेतलं. त्याच जातीचं लष्करी काडतूस ७.६२ मिलिमीटर म्हणवतं, आणि ते माप मात्र उंचवट्यांचं. म्हणजे शेजारच्याने घराचं क्षेत्रफळ बाहेरच्या भिंतींसकट सांगायचं आणि आपण आतल्या गालिच्याचं, तसा प्रकार.

.३०८ आणि .३११ यांच्यात फरक किती? इंचाचे तीन हजारांश. साधारण माणसाच्या एका केसाएवढा. पण हा केस महागात पडतो. केसभर बारीक गोळीच्या कडेने गरम वायू निसटतात, आट्यांची पकड तिच्यावर नीट बसत नाही आणि ती भरकटते. उलट केसभर जाड गोळी अरुंद नळीत घुसवली तर दाब धोक्याच्या रेषेपलीकडे जातो. जर्मनांनी हा घोळ स्वतःच्या घरात घातला होता. त्यांच्या १८८८ च्या रायफलची गोळी होती .३१८ इंचाची. १९०५ साली नवी टोकदार गोळी आली ती .३२३ ची. दोन्ही काडतुसं दिसायला भावंडं, दोन्ही ‘आठ मिलिमीटर’. पण जुन्या अरुंद नळीत नवी गोळी उडवणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून जुनी जर्मन रायफल हाती आली की जाणता माणूस आधी नळी मोजतो आणि काडतुसाचा विचार त्यानंतर करतो.

नळी मोजण्याची रीत मोठी देखणी आहे. मऊ शिशाचा, नळीहून किंचित जाड गोळा घ्यायचा, त्याला तेल लावायचं आणि रिकाम्या नळीच्या तोंडातून लाकडी दांड्याने हलके ठोकत आत सारायचा. सुरुवातीला तो अडतो. मग आटे त्याला आपल्या मापात कापतात आणि तो सरकू लागतो. जिथे नळी झिजलेली तिथे तो सैल होतो, जिथे गंज तिथे खरखरतो. ठोकणाऱ्याच्या हाताला हे सगळं कळतं, तबल्याच्या शाईवरून बोट फिरवणाऱ्याला कळावं तसं. पलीकडून जो गोळा पडतो त्याच्या अंगावर नळीचं आतलं रूप उमटलेलं असतं. अंधाऱ्या बोगद्याचा साचाच तो.

तो मायक्रोमीटरमध्ये धरून मोजायचा. आणि इथे थ्री नॉट थ्रीची एन्फिल्ड रायफल शेवटचा चिमटा काढते. तिच्या नळीत आटे आहेत पाच. विषम संख्या! एका बाजूला खाच आली की बरोबर समोर उंचवटा येतो. दोनच जबडे असलेला मायक्रोमीटर दोन समोरासमोरच्या खाचा पकडणार कुठून? त्यासाठी तीन बाजूंनी टेकणारं वेगळं उपकरण लागतं. त्यात युद्धकाळात घाईने बनवलेल्या काही नळ्यांना पाचाऐवजी दोनच आटे, आणि काहींचं माप नेमापेक्षा सैल. एकाच नावाच्या, एकाच कारखान्यातल्या दोन रायफलींना वेगवेगळी गोळी लागावी, हे म्हणूनच नवल नाही.

आपल्याकडच्या ईशापूरच्या कारखान्याने तर याहून मोठी फसगत करून ठेवली आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या आसपास तिथे एन्फिल्डचाच साचा घेऊन, पोलाद आणखी मजबूत करून, नवी रायफल काढली. ती थ्री नॉट थ्रीची नव्हती, ७.६२ ची होती. पुढे मोडीत निघून ती परदेशी बाजारात गेली. लांबून बघाल तर जुळ्या बहिणी. फक्त गोळ्यांच्या पेटीचा आकार जरा चौकोनी. जो पेटी बघणार नाही तो गोळीत चुकणार.

बाणाला पिसं, गोळीला पीळ

पण आटे हवेतच कशाला? नळी गुळगुळीत ठेवली असती तर हा केसाचा हिशेब टळला असता.

उत्तर सिल्वासाच्या आसपासच्या वारली पाड्यांवर पूर्वापार ठाऊक आहे. तिरकमठ्याच्या बाणाला मागे पिसं का लावतात? पिसं काढली तर बाण हवेत कोलांट्या खातो. पिसं मागून हवा धरतात आणि टोक पुढे राहतं. गोळीला पिसं लावता येत नाहीत. नळीतून ती जाणार कशी? मग तिला भोवऱ्यासारखं फिरवायचं. फिरता भोवरा टोकावर उभा राहतो, थांबला की लवंडतो. गोळीचंही तसंच.

थ्री नॉट थ्रीच्या आट्यांचा पीळ आहे दहा इंचांत एक फेरा. नळी सुमारे पंचवीस इंचांची. म्हणजे नळीतून जाताना गोळी फिरते किती? फक्त अडीच फेरे! पण हे अडीच फेरे ती डोळ्याचं पातं लवायच्या आत घेते. बाहेर पडताना तिचा वेग असतो सेकंदाला २,४४० फूट. दर दहा इंचांना एक फेरा धरला तर सेकंदाला झाले २,९०० हून जास्त फेरे, मिनिटाला सुमारे पावणेदोन लाख. आपल्या घरातला मिक्सर चटणी वाटताना मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फिरतो आणि तेवढ्याने ओटा थरथरतो. त्याच्या आठ-नऊ पट वेगाने फिरणारी ही वस्तू भरते जवळपास एका तोळ्याची, ११.३ ग्रॅम.

आता किती लांबीच्या गोळीला किती पीळ लागेल? बाण जितका लांब तितकी पिसं मोठी हवीत, तसं गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट हवा. १८७९ साली ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने याचं एक छोटंसं सूत्र काढलं. ते इतकं सुटसुटीत आहे की आजही लोक हातासरशी वापरतात. शिकाऱ्याने दुकानातून आणलेली गोळी जाडीला अचूक असली तरी लांबीला विसंगत असेल, तर लक्ष्यावर तिचं भोक गोल पडत नाही, लांबट पडतं. म्हणजे ती आडवी होऊन पोचली.

माणसासाठी मना, हरणासाठी सक्तीची

जाडी जमली, लांबी जमली. अजून एक प्रश्न उरतो आणि तो सगळ्यांत विचित्र आहे. लष्करी गोळी शिकारीला चालतच नाही.

सैनिकाच्या गोळीचं शिसं वरून नाकापर्यंत धातूच्या कवचात बंद असतं. लागली की ती आरपार जाते. जनावर तेवढ्याने लगेच पडत नाही. जखमी होऊन रानात शिरतं आणि तासन्‌तास तळमळत मरतं. शिकाऱ्याच्या गोळीचं नाक मात्र उघडं, मऊ शिशाचं. अंगात शिरताच ते छत्रीसारखं उमलतं, सगळा जोर तिथल्या तिथे ओततं आणि जनावर जागीच पडतं.

ही उघड्या नाकाची गोळी इतिहासात ज्या नावाने बदनाम झाली ते नाव आपल्याकडचं आहे : दमदम. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९६-९७ च्या सुमारास कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने थ्री नॉट थ्रीच्या गोळीचं नाक मोकळं केलं. चित्रळच्या मोहिमेत नव्या बारीक गोळ्यांनी शत्रू थांबत नाही, अशी सैनिकांची तक्रार होती. गंमत म्हणजे १८५७ च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची कुजबुज उठली तीही याच दमदमला. एकाच गावाने काडतुसाचा इतिहास दोनदा पेटवला.

दमदमच्या गोळीवर जगभर गदारोळ झाला. जुलै १८९९ मध्ये हॉलंडमधल्या द हेग शहरात राष्ट्रं जमली आणि माणसाच्या शरीरात सहज पसरणारी गोळी युद्धात वापरायची नाही असा जाहीरनामा त्यांनी केला. द हेग हे गाव लक्षात ठेवा. आपल्याला तिथे पुन्हा जायचं आहे.

आता दुसरी बाजू बघा. त्याच इंग्लंडात हरणांच्या शिकारीचा कायदा आहे, १९९१ चा. तो सांगतो की रायफलने हरण मारायचं तर गोळी मऊ किंवा पोकळ नाकाचीच हवी. माणसाच्या बाबतीत जी क्रूर म्हणून मना, तीच हरणाच्या बाबतीत दयाळू म्हणून सक्तीची. दोन्ही नियमांमागे विचार एकच आहे, विनाकारण यातना नकोत. फक्त सैनिकाला शत्रू निकामी करायचा असतो आणि शिकाऱ्याला जनावर ताबडतोब मारायचं असतं.

इंग्रजांनी नंतर पळवाटही काढली. १९१० साली आलेल्या थ्री नॉट थ्रीच्या गोळीचं कवच पूर्ण बंद, जाहीरनाम्याला धरून. पण आतल्या नाकात शिशाऐवजी हलकं अ‍ॅल्युमिनियम, आणि पुढे कधी कागदाचा किंवा लाकडाचा लगदा. त्यामुळे वजन मागे गेलं आणि अंगात शिरताच गोळी कलंडू लागली. शब्द पाळला, हेतू नाही.

तर जुनी रायफल घेतलेल्या त्या परदेशी शिकाऱ्याचं शेवटी काय ठरतं? नळी मोजून मिळालेल्या जाडीची, मऊ नाकाची, आणि वजनाला मूळ लष्करी गोळीच्या आसपासची गोळी तो घेतो. वजन का जुळवायचं? रायफलच्या नेमपट्टीवरचे आकडे त्या एका गोळीच्या उड्डाणावरून कोरलेले असतात. हलकी गोळी घातली की पट्टीवरचे दोनशे यार्ड खरे दोनशे राहत नाहीत. कॅनडाच्या उत्तर टोकाला बर्फात गस्त घालणाऱ्या रेंजर्सनी हीच थ्री नॉट थ्री १९४७ पासून जवळपास सात दशकं वापरली. ध्रुवीय अस्वल समोर आलं तर विश्वास कशावर टाकायचा, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि तो शिकारी मोडीत मिळालेली जुनी लष्करी काडतुसं सरावाला वापरत असेल, तर घरी आल्यावर नळीत उकळतं पाणी ओततो. जुन्या टोप्यांतल्या रसायनातून नळीत मीठ उरतं. मीठ हवेतली ओल ओढतं, आणि रात्रीत गंज. तेलाने मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. इंग्रज सैन्यात म्हणूनच चहाच्या पाण्याबरोबर रायफलचंही पाणी उकळत असे. कोकणातल्या पावसाळ्यात लोणच्याच्या मिठाला सुटणारं पाणी ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

कायदाही चावीकडेच बघतो

आपल्याकडे हा शोध घ्यायची वेळच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. सिल्वासाजवळच्या सातमालियाच्या उद्यानातली चितळं बघायची ती कॅमेऱ्यातून, आणि शेतात घुसलेल्या रानडुकरासाठीही आधी वनखात्याची परवानगी.

पण आपला शस्त्रकायदा एका गोष्टीत फार चतुर आहे. साध्या नागरिकाला कोणती रायफल मना, हे ठरवताना तो रायफलच्या नावावर थांबत नाही. .३०३ किंवा ७.६२ ची लष्करी काडतुसं जिच्यात बसतील आणि उडतील, अशी कोणतीही रायफल मना, असं त्याचं म्हणणं. म्हणजे कुलूप कुणाचं हा प्रश्नच नाही, सरकारी चावी त्यात फिरते का तेवढंच बघायचं. परवान्यावर बंदुकीबरोबर काडतुसांचाही आकडा लिहिलेला असतो.

ही युक्ती इंग्रजांची. लष्कराची काडतुसं चोरीला गेली तरी बाहेरच्या बंदुकीत ती चालू नयेत, हा त्यांचा हिशेब. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० मापाच्या शिकारी रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली, कारण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलच्या गोळ्यांचं माप तेच. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७० अशी शेजारची मापं काढली. वाघ-हत्तींच्या शिकारीतली ती नामांकित ‘फोर सेव्हंटी’ जन्मली ती बंदीच्या पोटी. आपल्याकडे परवान्यावर मिळणारी .३१५ ची रायफलही याच घराण्यातली. तिचं काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या मॅन्लिकर रायफलचं. ते आपल्याकडे रुजलं ते इथल्या लष्कराच्या काडतुसाशी जुळत नाही या एकाच गुणावर.

दमणगंगेचा काठ

आता आमलीत परत येऊ.

१७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना नगर हवेलीतल्या गावांतून बारा हजार रुपयांचा महसूल द्यायचं कबूल केलं. १७८३ पासून गावं त्यांच्याकडे गेली, दादरा दोन वर्षांनी. पोर्तुगीज दमणहून कारभार करू लागले. दमण समुद्राकाठी, सिल्वासा आत रानात, आणि मधली वाट आधी मराठ्यांच्या, मग इंग्रजांच्या आणि शेवटी स्वतंत्र भारताच्या मुलखातून. अंतर जेमतेम तीस किलोमीटर.

पोर्तुगालचं सैन्य काडतुसांच्या बाबतीत मोठं खर्चिक होतं. १८८६ ची क्रोपाचेक रायफल आठ मिलिमीटरची. १९०४ ची मॉझर-व्हर्गेरो साडेसहाची. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या त्यांच्या तुकड्यांना इंग्रजांनी दिली थ्री नॉट थ्री. १९३७ ची मॉझर ७.९२ ची, आणि मग जुन्या व्हर्गेरोही कापूनकोरून त्याच मापाच्या केल्या. पन्नास वर्षांत चार चाव्या, एकीची दुसऱ्या कुलपात चालत नाही. सिल्वासाच्या चौकीतल्या शिपायाच्या खांद्यावर यातली कोणतीही असो, तिचं काडतूस नगर हवेलीत बनत नव्हतं. ते दमणहून, मधला मुलूख ओलांडूनच येणार.

आणि तिथेच अडसर होता, तोही पाऊणशे वर्षं जुना. १८७८ साली दोन गोष्टी घडल्या. हिंदुस्थानात शस्त्रकायदा आला आणि त्याच वर्षी इंग्रज-पोर्तुगीज तह झाला. त्यांच्याखाली खास परवान्याशिवाय शस्त्रं, दारूगोळा आणि लष्करी सामान पोर्तुगीज हद्दीतून इकडे किंवा इकडून तिकडे नेता येईना. दमण ते नगर हवेलीच्या वाटेलाही तोच नियम. माणसं, धान्य, कापड सहसा जात-येत राहिलं. काडतूस मात्र दर वेळी परवानगी मागून.

जुलै १९५४ मध्ये भारताने ती वाटच बंद केली. २२ जुलैला दादरा मोकळं झालं. २८ च्या रात्री, मुसळधार पावसात, आझाद गोमंतक दलाच्या आणि संघाच्या स्वयंसेवकांनी नरोलीची चौकी घेतली. दमणगंगा तेव्हा दुथडी भरून वाहत होती. २ ऑगस्टला सिल्वासा. या लढ्यात राजा वाकणकर होते, नाना काजरेकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि सुधीर फडके होते. ज्यांच्या चाली पुढच्याच वर्षी ‘गीतरामायणा’तून घराघरांत पोचणार होत्या ते बाबूजी इथे पावसात, शस्त्रांची जुळवाजुळव करणाऱ्यांत. पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला.

पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो दीडशेच्या आसपास पोलिसांनिशी खानवेलकडे मागे सरला होता. ११ ऑगस्टला आजच्या पालघर जिल्ह्यातल्या उधव्याला त्याने भारतीय पोलिसांपुढे शस्त्रं ठेवली. त्याच्या लोकांच्या हातात रायफली होत्या. पण मागून नवी पेटी येणार नव्हती. पेटी थांबलेली रायफल म्हणजे लोखंडाची नळी लावलेली काठी.

पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये भारताला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. म्हणणं असं की दमणहून या मुलखात जाण्या-येण्याचा आम्हाला हक्क होता. हे न्यायालय कुठे? द हेगमध्ये. ज्या गावात १८९९ साली गोळीच्या नाकावर राष्ट्रं भांडली होती तिथेच. भारतातर्फे खास न्यायाधीश म्हणून बसले होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असं न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी मानलं. पण सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना तो हक्क नव्हता. कारण १८७८ पासूनची ती परवानगीची वहिवाट. आणि भारताने आपली जबाबदारी मोडली नाही, असंही न्यायालय म्हणालं.

धान्याच्या गोणीला वाट होती. काडतुसाच्या पेटीला नव्हती. सिल्वासातून हद्दपार झालेली सत्ता पुन्हा तिथे येऊन बसायची तर पेटीलाच वाट हवी होती.

दारूगोळ्यावरचं ते मतदान झालं आठ विरुद्ध सात. एका मताचा फरक. थ्री नॉट थ्रीच्या नळीत गोळी बसणं आणि भरकटणं यांच्यात असतो तेवढाच, केसभर.